चौदा ऑक्टोबरचं स्टेशन

आयबेनग्रुंड,
३ सप्टेंबर २०२३

प्रिय रोस्विथा,

तू बरी असशील अशी आशा करतो. माझं वयाच्या मानाने ठीक चाललंय. गुडघे कुरकुरतात, साखर थोडी वर आहे, डॉक्टरीणबाई केकवरून ओरडतात आणि मी मान डोलावतो. यंदा सफरचंदं इतकी आली की शेजारीपाजारी मला बघून दार लावून घेतात, परत टोपली घेऊन आला म्हणून. तुमच्या समुद्राकडे यंदा वादळं फार झाली असं बातम्यांत बघितलं. तुझ्या घराचं छप्पर शाबूत आहे ना?

दरवर्षीचं नाताळचं कार्ड सोडून सप्टेंबरातच पत्र आलेलं बघून तू दचकली असशील. कोणी गेलेलं नाही. जाण्यासारखे आता आपण दोघंच उरलोय.

कारण सांगतो. इंगे गेल्यावर विधुराच्या घरात बोलायला फक्त रेडिओ उरला, आणि तोही स्वतःचंच खरं करणारा. म्हणून तीन वर्षांपूर्वी गावच्या छोट्या रेल्वेच्या मंडळात नाव घातलं. अग्निशमन दलाच्या जुन्या गोदामात दर मंगळवारी सात म्हातारे जमतो. कोणी इंजिनं आणतं, कोणी रूळ टाकतं, कोणी तारा जोडतं. मला रुळांत रस नाही, जन्मभर तेच केलं. माझ्याकडे इमारती, झाडं, माती, गवत. प्रमाण एकास एकशेवीस, म्हणजे अख्खा माणूस दीड सेंटिमीटरचा. रानफुलांचे वाळके तुरे रंगात बुडवले की छान लिंडनची झाडं होतात. प्लास्टरच्या भिंतीवर विटांचे सांधे मी दातांच्या डॉक्टरच्या टोच्याने कोरतो. ते टोचे आमच्या अध्यक्षांनी दिले. क्नूट वेंडलर, लाइपझिगचा दंतवैद्य, निवृत्त होऊन इथे राहायला आलाय. आयुष्यभर लोकांच्या तोंडात किडकं शोधलं, आता आमच्या कामात शोधतो.

तर यंदा ठरलं की आपलंच स्टेशन करायचं. आयबेनग्रुंड. खऱ्या स्टेशनचं आता काहीच उरलेलं नाही. रूळ अठ्ठ्याण्णव साली उखडले, तिथून सायकलींचा रस्ता गेलाय. तुझी फाटकाची चौकी होती तिथे एक बाक आहे आणि कचऱ्याचा डबा.

क्नूटचा एकच हट्ट असतो. 'स्टेशन कुठलं ते सांगू नका. कुठल्या दिवसाचं ते सांगा.' कारण दिवस ठरला की सगळं ठरतं. झाडाला पानं किती, भिंतीवर पोस्टर कुठलं, कोळशाचा ढीग केवढा. आणि दिवसही त्यानेच ठरवला. जिल्ह्याच्या दप्तरखान्यात त्याला एक नकाशा सापडला. खिंडीपासून फाटकापर्यंत सगळं स्टेशन, एकूण एक खांब आणि गटार मोजून काढलेलं. तो नाचतच आला. 'सिगमार, कोणा देवमाणसाने सगळं मोजून ठेवलंय बघ!' मग त्याने खालची सही वाचली. सही माझी. तारीख १५ ऑक्टोबर १९७६.

बाहेरगावचा माणूस, त्याला काय माहीत. बाकीच्यांनी खाली मान घालून कॉफी ढवळली. मीही माझी ढवळली. असं आमचं स्टेशन पंधरा ऑक्टोबरचं झालं. पहिल्या ॲडव्हेंटला, नाताळाआधीच्या चौथ्या रविवारी, प्रदर्शन आहे.

तुझी चौकी मी करतोय. दोन सेंटिमीटर बाय सव्वादोन. चुलीचं धुरांडं, दारापाशी तुझी ती वाकडी पायरी, सगळं आहे. पण मला काही गोष्टी आठवत नाहीत आणि तुझ्याशिवाय सांगणारं कोणी नाही. दाराच्या बाजूला वेल कसला चढवला होतास? खिडकीला पडदा कुठल्या रंगाचा होता? आणि फाटकाचं हँडल खिडकीच्या डाव्या हाताला होतं ना? तू आत उभी राहूनच फाटक वर घ्यायचीस एवढं आठवतं.

चौकीच्या उजवीकडे, रुळालगत, तळहाताएवढी जागा अजून मोकळी आहे. बाकी सगळीकडे गवत लावून झालं, तेवढीच राहिलीय. तिथे काय करावं ते ठरत नाही.

उत्तर नाही दिलंस तरी समजून घेईन. पण दे.

तुझा,
सिगमार


आयबेनग्रुंड,
२२ ऑक्टोबर २०२३

प्रिय रोस्विथा,

तुझं कार्ड मिळालं. बोटीचं चित्र सुंदर आहे. सत्तेचाळीस वर्षांत तुझं अक्षर मी पहिल्यांदा बघितलं. तसंच आहे, उजवीकडे कलणारं. चार ओळी, पण चारही उत्तरं दिलीस. 'घेवडा, लाल फुलांचा. हँडल डाव्या हाताला. पडदा नव्हता, नीट दिसावं म्हणून मीच काढून टाकला होता. त्या मोकळ्या जागेवर काय होतं ते तुला माहीत आहे.'

घेवडा मी लगेच केला. शिवणाचा हिरवा दोरा पिंजला, त्यावर लाल रंगाचे ठिपके दिले. पडदा रंगवून ठेवला होता, पिवळा चौकडीचा. तो फेकून दिला. त्या दिवशी आणखी काही काम झालं नाही.

माहीत आहे, रोस्वी. मला माहीत आहे.

आमच्याकडे एक बारकासा कॅमेरा आहे, करंगळीच्या नखाएवढा. तो इंजिनावर बसवतात, म्हणजे ड्रायव्हरला काय दिसतं ते पडद्यावर बघता येतं. गेल्या मंगळवारी सगळे गेल्यावर मी तो तुझ्या चौकीत ठेवला. तू स्टुलावर बसल्यावर तुझे डोळे जिथे येत तितक्या उंचीवर, खिडकीशी. मग खिंडीतून गाडी सोडली. इंजिन आणि दोन डबे. मोकळ्या जागेपलीकडे गाडी खिंडीतून निघाल्यापासून फाटकापर्यंत सतरा सेकंद स्पष्ट दिसत होती. माझ्या नकाशात लिहिलंय तसंच.

मग दह्याच्या डब्यांची झाकणं घेतली, कंगव्यावर घासून त्यांचे पन्हाळी पत्रे केले आणि शेड बांधली. पाच सेंटिमीटर लांब. ती मोकळ्या जागेवर ठेवली आणि परत गाडी सोडली. वळणामुळे खिंडीचं तोंड शेडच्या डाव्या अंगाने दिसत होतं, स्वच्छ, रिकामं. फाटकाजवळचे रूळही दिसत होते, तेही रिकामे. आणि गाडी मध्येच होती, पत्र्यामागे. सात सेकंद पडद्यावर गाडी नव्हतीच. मी अकरा वेळा सोडली. अकराही वेळा सात सेकंद.

त्या दिवसाचं तुला काय सांगायचं. पण मी हे कधी कागदावर उतरवलेलं नाही, म्हणून एकदा लिहितो. तू वाचलं नाहीस तरी चालेल.

ऑगस्टअखेर फलाटाचं काम निघालं. सिमेंट भिजेल म्हणून मी पत्र्याची शेड तिथे ठोकवली, कारण तिथे गाडीतून माल उतरवणं सोपं होतं. परवानगी घेतली नव्हती. ती मागितली असती तर मिळाली नसती, हे मला ठाऊक होतं. तू खिडकीतून डोकं काढून म्हणालीस, 'काय हो साहेब, माझी अर्धी लाइन खाल्लीत की!' मी म्हणालो, 'दोन आठवडे गं. काम झालं की उचलतो.' तू म्हणालीस, 'वर कळवू का?' मी म्हणालो, 'कळव आणि घाल माझी बढती चुलीत.' तू हसलीस आणि मला आलुबुखारचा केक दिलास. शेड सात आठवडे तिथेच राहिली.

चौदा तारखेला पाऊस होता. फाटक खाली होतं, तीन चाळीसची गाडी उशिरा होती, पुढच्या स्टेशनचा फोन लागत नव्हता. अल्विन श्टोल्त्सेल पावाची व्हॅन घेऊन उभा राहिला, शेजारी त्याची बायको इर्मा. तो हॉर्न वाजवत होता. तू खिडकीतून बघितलंस. खिंड रिकामी, रूळ रिकामे. तू हँडल फिरवलंस. नियमाने फिरवायला नको होतं, पण सगळेच फिरवत. पुढे व्हॅनचं आणि त्या दोघांचं काय झालं ते लिहीत नाही.

संध्याकाळी क्रेन येणार होती. तिला जागा हवी म्हणून मी शेड काढायला लावली. क्रेनला खरंच जागा हवी होती. हे वाक्य मी सत्तेचाळीस वर्षं स्वतःला ऐकवलं. सहा माणसांनी तासाभरात पत्रे उतरवले. दुसऱ्या दिवशी चौकशी समिती आली आणि मी मोजमाप केलं. जे तिथे होतं तेच काढलं. एक रेघ खोटी नाही त्या नकाशात, रोस्वी. फक्त तो एक दिवस उशिराचा आहे.

वरचे म्हणाले, सख्ख्या भावाने काढलेला नकाशा, मग तर कोणी पक्षपात म्हणणार नाही. आणि न्यायाधीश म्हणाले, आरोपीने खिडकीतून पाहिलेच नाही, पाहिले असते तर गाडी दिसलीच असती. त्यांनी तुला विचारलं, साक्षीदाराला काही विचारायचं आहे का. तू माझ्याकडे बघितलंस. किती वेळ बघितलंस ते मी मोजलं नाही, एवढी एकच गोष्ट मी आयुष्यात मोजली नाही. मग म्हणालीस, 'नाही. तो नकाशे नीट काढतो.'

तुला अडीच वर्षं झाली. गावाने ठरवून टाकलं की तू विणत बसली होतीस. मला बढती मिळाली.

आणखी एक आहे, ते तुला माहीत नाही. तू सुटून आलीस तेव्हा आईने दार उघडलं नाही, ते तुला माहीत आहेच. पण अठ्ठ्याऐंशी साली, जायच्या आधी आठवडाभर, तिने मला जवळ बोलावून विचारलं, 'सिगमार, खरं सांग. तिला दिसत होतं का रे?' खोलीत आम्ही दोघंच होतो. तेव्हा कोर्ट नव्हतं, बढती नव्हती, काहीच नव्हतं. मी म्हणालो, 'हो आई. दिसत होतं.' तिने भिंतीकडे तोंड केलं. तुझं नाव तिने परत काढलं नाही. भीतीने खोटं बोलणं मी समजू शकतो. पण ते मी का बोललो हे मला आजही सांगता येत नाही. सवय झाली होती, दुसरं काही नाही.

शेड माझ्या टेबलावर आहे. क्नूट म्हणतो, नकाशात नाही ती वस्तू ठेवायची नाही. मी ठेवणार आहे. हे वाक्य तुला लिहून देतो, म्हणजे मला पळता येणार नाही.

माफी मागत नाही. मागायला तोंड नाही.

सिगमार


आयबेनग्रुंड,
५ डिसेंबर २०२३

प्रिय रोस्विथा,

तुझं उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं, तरी रोज पेटी उघडून बघतो. इकडे बर्फ पडलाय. घरोघरी खिडक्यांत दिव्यांच्या कमानी लागल्यात. मीही लावली, नाहीतर लोक विचारायला येतात. नाताळचा श्टोलन केक या वर्षी बाजारचाच आणला. तो इतका सुका आहे की मंडळात खडी म्हणून खपला असता.

प्रदर्शन झालं. कसं झालं ते सांगतो.

आधीच्या मंगळवारी मी मंडळात उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. वाटलं होतं, आता कोणीतरी उठून मला बाहेर काढेल. कोणी उठलं नाही. मग फोल्कमार बोलला. तो आता त्र्याऐंशीचा आहे, तेव्हा माझ्या टोळीत होता.

'शेड काढली तेव्हा नटबोल्ट मीच खोलले होते की.'

'मग तू कधी बोलला का नाहीस?' मी विचारलं.

'तू साहेब होतास. आम्हाला वाटलं, बहीण तुझी, तू सांगशील. तू नाही सांगितलंस, मग आमचं काय अडलं होतं? अर्ध्या गावाला माहीत होतं रे. पाव रोज त्याच रस्त्याने यायचा, शेड काय लोकांना दिसत नव्हती?'

'आणि ती विणत होती असं म्हणणारे?'

'त्यांनाही माहीत होतं,' फोल्कमार म्हणाला आणि नाक पुसलं. 'तू साहेब, तुझ्याशी त्यांची उद्या परत गाठ पडायची होती. ती तर तुरुंगात होती.'

रोस्वी, मी हे ओझं एकट्याचं समजून वाहत होतो. त्यातही मला थोडा मोठेपणा वाटत होता की काय, कोण जाणे. ते गावकीचं निघालं. सगळ्यांनी मिळून तुला पुरलं आणि माझ्याकडे फक्त फावडं होतं. याने माझं काही हलकं झालेलं नाही. तुझ्या बाजूने बोलू शकणारं एकच माणूस नव्हतं, निदान सात होती, हे कळल्यावर उलट जास्तच जड झालं.

आणि क्नूट? क्नूट एवढा वेळ दाढी खाजवत बसला होता. तो म्हणाला, 'म्हणजे शेडला दोन साक्षीदार झाले! मग ती ठेवता येईल. पण तारीख बदलावी लागेल.' दुसऱ्या दिवशी त्याने नवी पाटी छापून आणली. 'आयबेनग्रुंड स्टेशन, १४ ऑक्टोबर १९७६, दुपार.' माणूस वाईट नाही. त्याला फक्त तारीख दिसते. माझ्याकडून शेड चिकटवून घेतली आणि म्हणाला, 'गंज थोडा जास्त हवा, सात आठवडे पावसात होती म्हणतोस तर.' मी खडूची पूड घेऊन गंज वाढवला. मी हेही केलं.

शनिवार-रविवार मिळून चारशे माणसं आली. सगळ्यांनी शेड बघितली. 'काय पत्रा केलाय! अगदी खरा!' म्हणाले. म्हाताऱ्या लोकांनीही बघितली, ज्यांना माहीत होतं त्यांनीही, आणि घेवडा किती नाजूक झालाय ते बोलून पुढे गेले. मला उत्कृष्ट बारकाव्यांचं पहिलं बक्षीस मिळालं. शेडच्या गंजासाठी, असं प्रमाणपत्रावर लिहिलंय. मी सत्य सांगायला शेड ठेवली आणि लोकांनी तिचा रंग बघितला. घेऊन आलोय ते प्रमाणपत्र. भिंतीला तोंड करून कपाटामागे ठेवलंय.

एकीनेच बघितलं. रविवारी दुपारी कारोला आली, अल्विन आणि इर्माची मुलगी. तेव्हा नऊ वर्षांची होती, आता आजी झालीय. चौकीतल्या कॅमेऱ्याच्या पडद्यासमोर ती उभी राहिली. गाडी आली, गेली. ती हलेना. परत आली, परत गेली.

'काका,' ती म्हणाली, 'ही शेड खरंच होती?'

'होती.'

'आणि कोर्टात?'

'कोर्टात नव्हती.'

'कोणी काढली?'

'मी.'

तिने हातमोजे ओढून घट्ट केले. मग म्हणाली, 'तुमची बहीण परत आली ना, तेव्हा मी तिच्या खिडकीवर दगड मारला होता. काच फुटली. घरी माझ्या मावशीने मला त्याबद्दल चॉकलेट दिलं.' ती रडली नाही. माझ्याकडे बघूनही बोलली नाही. गाडी तिसऱ्यांदा पत्र्यामागे गेली आणि ती दारातून बाहेर पडली. बाहेर तिची नात आजी-आजी करून ओरडत होती.

सोबत एक कागद आहे. त्यावर सगळं लिहून सही केलीय, नोटरीचा शिक्का आहे. फोल्कमारचीही सही आहे. ज्या कोर्टाने तुला शिक्षा दिली ते कोर्ट नाही, तो देशही राहिला नाही, त्यामुळे हा कुठे द्यायचा हे नोटरीबाईंना सांगता येईना. पेपरात देऊ? चर्चच्या फळ्यावर लावू? तू म्हणशील तिथे नेतो. तुझा हक्क आहे.

वाट बघतो.

सिगमार


आयबेनग्रुंड,
२१ जानेवारी २०२४

प्रिय रोस्विथा,

तुझं पाकीट गुरुवारी मिळालं. मी पाठवलेला कागद त्यात घडीसुद्धा न मोडता परत आला, आणि मागे तुझं अक्षर. 'मला हा नको. यात लिहिलंय ते मला पाठ आहे. कोर्टात मी तुझी वाट बघत होते, एवढंच होतं माझं. ती वेळ गेली. आईने तुला विचारलं होतं. तिला सांग.'

बरोबर आहे. तू नेहमी बरोबरच बोलायचीस, आणि थोडक्यात.

काल गेलो. कागद आतल्या खिशात, काठी हातात, बर्फ घोट्यापर्यंत. आता जे सांगतो ते ऐकून तू हे पत्र चुलीत घालशील, तरी सांगतो. आईची कबर राहिलेली नाही. इथे कबरीला पंचवीस वर्षांची मुदत असते, तुमच्याकडेही असेलच. दोन हजार तेरा साली दगडावर चिठ्ठी लावली होती, कार्यालयाशी संपर्क करा म्हणून. मुदत वाढवायची तर सही करायची होती, बाकी काही नाही. मी केली नाही. इंगेला सांगितलं की गुडघे दुखतात, देखभाल कोण करणार. खरं सांगायचं तर त्या दगडासमोर मला उभं राहवत नव्हतं. तो नाहीसा झाला तर बरं, असं मला वाटलं होतं. ते झालं. दगड उचलला, गवत पेरलं.

तिथला माळी बर्फ ओढत होता. त्याला विचारलं, 'अकरावी रांग कुठे आली हो?'

'रांगा आता नाहीत, आजोबा. सगळं लॉन झालंय.'

'जुना नकाशा असेल ना?'

'कार्यालयात पुराचं पाणी शिरलं होतं तेव्हा गेला. कोण होतं तुमचं?'

'आई.'

'इथेच कुठेतरी असेल मग,' तो म्हणाला. चांगला माणूस. कामाचा आवाज नको म्हणून फावडं घेऊन पलीकडे गेला.

मी या लाइनवरची एकूण एक मोरी मोजलेली आहे. कुठला खांब कुठल्या दगडापासून किती, मला झोपेतून उठवून विचार. आणि आईची जागा मला सापडेना. प्रार्थनाघराच्या भिंतीपासून पावलं मोजली, पण तिकडे नवी पायवाट झालीय. लिंडनच्या झाडापासून मोजू म्हटलं तर झाड तोडलंय. दफनाच्या दिवशी मी खालीच बघत होतो, जागा बघितलीच नव्हती. शेवटी अंदाजाने एका ठिकाणी उभा राहिलो, टोपी काढली, आणि कागद मोठ्याने वाचायला लागलो. नाव, जन्मतारीख, मी याद्वारे जाहीर करतो की. अर्ध्यावर आलो तेव्हा आठवलं की अल्विन आणि इर्माही त्याच भागात होते, आणि त्यांचीही मुदत संपलीय. मग कळेना की मी कोणाला वाचून दाखवतोय. आईला, त्यांना, की कोणालाच नाही. तरी शेवटपर्यंत वाचला. सहीसकट.

काही झालं नाही. कशाने होणार? पाय ओले झाले, घरी आलो, आणि स्टोव्हसमोर बसून लहान पोरासारखा रडलो. तुला हे सांगून तुझी दया मागत नाहीये. दया यायचीच तर ती माझी एकट्याची कशाला यावी?

तुला विचारावं असं क्षणभर मनात आलं, की तुला आठवतं का गं, आई नक्की कुठे होती. मग लक्षात आलं. तुला कसं आठवणार? तुला मी दफनाला कळवलंच नव्हतं. कार्ड पाठवलं ते सगळं उरकल्यावर, आठ दिवसांनी.

बर्फ वितळल्यावर परत जाईन. टेप घेऊन जाईन. भिंतीपासून सुरुवात करून वावभर सोडून परत उभा राहीन, परत वाचीन, मग आणखी वावभर पुढे. ते सगळं लॉन संपेपर्यंत, किंवा मी संपेपर्यंत. तुझ्यासाठी मला याहून काही करता येईल असं वाटत नाही, आणि हेही तुझ्या काही कामाचं नाही, हे मला कळतं.

तोवर आई तिथे कुठेतरी हेच धरून पडलीय की तुला दिसत होतं.

सिगमार